किन्हवलीच्या पुढचा उतार

आमच्या घराण्यातून परदेशात गेलेलं कुणी असेल तर ते आम्ही पाच जण, आणि तेही बाबांच्या जुन्या जीपमधून. वैशाखऱ्याहून थेट नेपाळला. गावात हे कुणाला धड खरं वाटत नव्हतं. कुणी विचारायचं, नेपाळ म्हणजे नाशिकच्या पुढं का? कुणी म्हणायचं, तिथं बर्फातून गाडी चालवतात, चाकांना साखळ्या लागतात. बाबा ती जीप मुरबाड ते घाटाचा पायथा अशी चालवायचे. सकाळी शाळेची पोरं आणि भाजीच्या पाट्या, दुपारी बाजारची माणसं. आतले बाक कितीदा शिवले होते याची गणती नव्हती, आणि पाऊस आला की डाव्या बाजूला बसलेल्याच्या मांडीवर हमखास थेंब पडायचा. असल्या गाडीतून देशाबाहेर जायचं, हे ऐकून माझी आईसुद्धा आधी हसली होती. नंतर मात्र तिनं हसणं सोडून दिलं आणि तिळाची चटणी कुटायला घेतली.

जायचं होतं ते सरूकाकीसाठी. सरूकाकी म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची, सदाकाकाची बायको. तिचे वडील भातसानगरला, धरणाच्या कॉलनीत रखवालदार होते. नेपाळचे म्हणून अख्खी कॉलनी त्यांना बहादूर म्हणायची. पदमसिंग हे त्यांचं खरं नाव मला फार उशिरा कळलं, आणि त्याची आजही थोडी लाज वाटते. काका कालव्याच्या कामावर मजुरीला जायचा, तिथं त्यानं काकीला पाहिलं आणि लग्न करून घरी आणली. ती इकडे आली तेव्हा तीन वर्षांची होती, त्यामुळं बोलायची आमच्यासारखीच, नाय आणि आमी करत. फक्त तांदूळ मापताना ओठातल्या ओठात तिच्या भाषेतले आकडे यायचे. माझी गंगूआत्या, बाबांची थोरली विधवा बहीण, आमच्याकडेच राहायची. तिनं पहिली दोन वर्षं काकीच्या हातचं पाणी घेतलं नाही. तिसऱ्या वर्षी आत्याला टायफॉइड झाला आणि काकीनं महिनाभर तिचं सगळं अंथरुणात केलं. त्यानंतर पाण्याचा विषय निघाला नाही. पण प्रेमाचाही फारसा निघाला नाही.

नोकरी संपल्यावर पदमसिंग आपल्या गावी परत गेले, सोबत काकीचा भाऊ गेला. त्यानंतर दहा वर्षं काकीला माहेर म्हणजे वर्षातून दोन पत्रं. मळणी उरकली, खळं रिकामं झालं आणि तिसरं पत्र आलं. बाबूजी शहराच्या दवाखान्यात आहेत, छातीत पाणी झालंय, सारखे तुझं नाव काढतात. काकीनं ते पत्र कुणालाही वाचून दाखवलं नाही, चुलीपुढच्या फळीवर उघडं ठेवलं. बाबांनी ते येता-जाता वाचलं आणि संध्याकाळी काकाला म्हणाले, "गाडी दारात हाय. तिला घेऊन जाऊ." रेल्वेनं गोरखपूरपर्यंत जाता येतं हे आम्हाला ठाऊक होतं, पण सणाचे दिवस, तिकीट मिळेना. बाबा एकदा ठरवलं की त्यावर बोलत नसत. आत्या म्हणाली, मला पशुपतीचं दर्शन घडू दे, मीबी येणार. आणि आत्या येणार म्हणून तिचं करायला मी. म्हशींसाठी आई मागं राहिली. मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि कल्याणच्या पलीकडे काहीही पाहिलेलं नव्हतं.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी दुकानदाराचा मुलगा सांगत आला की नेपाळचा फोन आहे. गावात फोन एकच, त्या दुकानात, आणि त्यावर बाहेरगावचे फोन यायचे पण लावता यायचे नाहीत. काकी सुपात तांदूळ पाखडत होती. बापासाठी आमच्या शेतातला नवा तांदूळ ती पुरचुंडी बांधून नेणार होती. काका आणि बाबा जीपखाली आडवे पडलेले. फोनचं ऐकून काकीला उठायचा धीर झाला नाही, आणि मला हिंदी बरं समजायचं म्हणून मी धावत गेले. पलीकडे काकीच्या गावाखालच्या बाजारातला कुणी दुकानदार होता. निरोप देण्याचं काम त्याला कुणीतरी सांगितलं होतं, एवढंच. लाइनीत नुसती खरखर. तो म्हणाला, "सरू को बोलना, बाबूजी कल शाम को..." मग खरखर, आणि शेवटी "...र गए." मी ओरडून विचारलं, क्या? तो पुन्हा तेच म्हणाला आणि पुन्हा तोच शब्द बुडाला. घर गए, की गुजर गए? मी तिसऱ्यांदा विचारणार तोच तो म्हणाला, "अब जल्दी का बात नहीं है," आणि फोन बंद पडला.

दुकानापासून आमचं घर दोनशे पावलांवर. एवढ्यात मी काय काय विचार केला असेल हे आज सांगता येणार नाही, पण एक आठवतं ते लपवत नाही. मला जायचं होतं. नवा फ्रॉक नको, काही नको, मला ती जीप घाट चढून पलीकडे जाताना आतून बघायची होती. माणूस गेलाच असेल तर एवढ्या लांब कशाला जायचं, असं आत्या म्हणणार आणि बाबा गप्प बसणार, हे मला दिसत होतं. अंगणात आले तेव्हा काकी सूप तसंच धरून उभी होती. तांदूळ हलत नव्हते. मी म्हटलं, "दवाखान्यातून घरी गेले म्हणतात." तिनं डोळे मिटून एक श्वास सोडला आणि पुन्हा पाखडायला लागली. घाईचं काही नाही, हे दुसरं वाक्य मी सांगितलंच नाही.

सकाळी उजाडता उजाडता निघायचं ठरलं होतं. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या, तिळाची आणि लसणाची चटणी, भाजलेल्या चवळ्या. सुकटीची चटणी काकीनं वेगळ्या डब्यात घट्ट बांधली, कारण तिच्या बापाला कॉलनीत असताना ती फार आवडायची. आत्या म्हणाली, देवाला जाताना वास मारणारं काय घेतेस, आणि काकीनं तो डबा आपल्या पिशवीच्या तळाशी घातला. आईनं जीपला हळद-कुंकू लावलं. बाबांनी गाडी मागं घेतली आणि मागच्या चाकाखाली आमचीच एक तलंग सापडली. अंडी द्यायला नुकतीच लागलेली तांबडी कोंबडी होती ती. आवाज फार झाला नाही. आईनं घाईनं तांब्याभर पाणी आणून चाक धुतलं, पण पाणी खाली वाहताना सगळ्यांनी पाहिलं. आत्या गाडीत बसली होती ती खाली उतरली, पुन्हा घरात गेली, देवापुढं पाच मिनिटं बसून आली आणि म्हणाली, "चला आता." मी काकीच्या शेजारी बसले आणि तिच्या अंगाला अंग लागू नये म्हणून खिडकीला चिकटले.

टोकावडं गेलं, सरळगाव आलं, तिथून आम्ही किन्हवलीच्या रस्त्याला वळलो. धुकं शेतांवर पातळ पसरलेलं, कापलेल्या भाताच्या खुंटांवर बगळे बसलेले. मला हे सगळं सुंदर वाटायला हवं होतं. दीडेक कोस गेलो असू, टपावरून घसरल्याचा आवाज आला आणि मागं रस्त्यावर आमची पत्र्याची ट्रंक आपटली. झाकण उघडून लुगडी, धोतरं, बाबांचे कागद, सगळं धुळीत. तांदळाची पुरचुंडी ट्रंकेतच होती, ती फुटली होती. काकी खाली बसून डांबरावरचे तांदूळ ओंजळीनं गोळा करू लागली. काका म्हणाला, "राहू दे गो, तिकडं काय तांदूळ मिळत नाय?" तिनं ऐकलं नाही. खड्या-मातीसकट तिनं ते पदरात भरले आणि नव्या फडक्यात बांधले. काकानं दुसरा दोर काढून ट्रंक पुन्हा आवळली. आत्या खिडकीतून एवढंच म्हणाली, "दोन झाले." पुढं इंजिनाचा आवाज तेवढा होता, आणि माझ्या डोक्यात तो बुडालेला शब्द. प्रत्येक खड्ड्याला तो वेगळा ऐकू यायचा.

आता माझी पन्नाशी उलटली आहे. शकुन-अपशकुन मी मानत नाही, माझ्या नातवंडांना तर ते शब्दही ठाऊक नाहीत. फोन नीट ऐकू आला नाही तर ती पुन्हा लावतात, एवढं सोपं झालंय. पण त्या सकाळी त्या गाडीत काहीतरी भरून राहिलं होतं, आणि ते माझ्यामुळं भरलंय अशी माझी खात्री होती. खोटं बोलून मेलेल्या माणसाला जिवंत ठेवलं, म्हणून तो माणूस आमचा रस्ता अडवतोय, असं मला वाटत होतं.

किन्हवलीच्या पुढं सागाच्या जंगलातून रस्ता उतरतो. खाली ओढा आणि त्यावर कठडा नसलेली अरुंद मोरी. उताराला लागल्यावर बाबांनी पाय दाबला आणि मला त्यांची मान ताठ झालेली दिसली. त्यांनी पुन्हा दाबला. पाय थेट खाली गेला, आवाजसुद्धा पोकळ आला. "सदा, धर," एवढंच ते म्हणाले. त्या गाडीचा हातब्रेक नावालाच होता. काकानं तो दोन्ही हातांनी ओढला तरी गाडी वेग घेतच होती. समोरून मोरीवर सरपणाच्या मोळ्या घेतलेल्या दोन बाया येत होत्या. त्यांनी आमच्याकडं पाहिलं आणि जागीच उभ्या राहिल्या. बाबांनी खटकन गियर खाली टाकला, सगळी जीप थरथरली, आणि मग त्यांनी गाडी डावीकडं, मुरमाच्या दरडीवर घातली. पत्रा खरवडत गेला, खिडकीतून माती आत आली, आत्या माझ्या मांडीवर आडवी झाली. गाडी थांबली तेव्हा मोरी चार हातांवर होती. त्या बायांतली एक हळूच मोळी खाली ठेवून म्हणाली, "मेलं का कोण?" कुणी मेलं नव्हतं. काकाचं कपाळ फुटलं होतं आणि काकी आपल्या पदरानं ते दाबून धरत होती.

आम्ही एकेक करून बाहेर आलो. बाबा वाकून चाकाखाली बघून आले. ट्रंक बांधलेल्या दोराचं एक टोक लोंबत राहिलं होतं, ते मागच्या चाकाच्या दांड्यात गुंडाळलं गेलं होतं आणि त्यानं ब्रेकची नळी ओढून तोडली होती. काकानं ते पाहिलं. "गाठ मीच मारली," तो म्हणाला, आणि रस्त्याच्या कडेला बसला. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मग आलेल्या दुधाच्या टेम्पोत त्याला बसवून शहापूरला मेस्त्री आणायला धाडलं. आत्या एका दगडावर बसून होती. आता तिचा आवाज चढला नाही, उलट अगदी मऊ झाला. त्याचीच मला जास्त भीती वाटली. "बाबू, तीन झाले. चौथ्याची वाट नको बघूस. देव दारातूनच सांगत व्हता. पोर हाय गाडीत." बाबांनी तुटलेल्या नळीचं टोक बोटांत फिरवलं. मग म्हणाले, "नळी बसली की फिरू माघारी."

काकी ओढ्यावर गेली होती, काकाच्या रक्तानं भरलेला पदर धुवायला. मी तिच्या मागोमाग गेले. सागाची वाळकी पानं पायाखाली इतकी वाजत होती की मी येतेय हे तिला कळलं असणार, तरी तिनं वळून पाहिलं नाही. मी पाण्याच्या काठावर उभी राहिले आणि रडत रडत सगळं सांगितलं. शब्द बुडाला तो, मी बदलून सांगितलं ते, मला जायचं होतं ते, आणि घाईचं काही नाही ते.

ती पदर पिळायची थांबली. "रडू नको. जसं ऐकलंस तसं सांग," ती म्हणाली. "त्याच्याच शब्दात."

मी सांगितलं. तिनं पुन्हा सांगायला लावलं. मग विचारलं, "बोलताना त्याचा आवाज कसा व्हता?"

"कसाच नाय. दुकानातला माणूस बोलतो तसा."

तिनं पदर पुन्हा वाहत्या पाण्यात सोडला. तिचा चेहरा मला बाजूनं दिसत होता आणि त्यावर काहीच नव्हतं, कॉलनीतल्या फाटकावर उभ्या तिच्या बापाचा असायचा तसा तो चेहरा होता. शेवटी ती म्हणाली, "हे आता माज्यापाशी राहू दे. तू कुणाला बोलू नको. काकालाबी नाय."

"पण काकी, बाबूजी गेले असतील तर?"

"गेले असतील तर माझा भाऊ एकटा हाय तिथं," ती म्हणाली आणि उठली.

आमच्याकडं धाकटी सून थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नसे. बारा वर्षांत काकीनं बाबांना काही सांगायचं असलं तर ते आईमार्फत किंवा भिंतीला सांगावं तसं. त्या दिवशी ती ओला पदर डोक्यावर घेऊन सरळ बाबांच्या पुढं येऊन उभी राहिली. आत्यानं मान वर केली. काकीचा आवाज बारीक होता पण अडखळला नाही. "दादा, तुमी पत्र वाचलंत आणि मला न विचारता गाडी काढलीत. त्याचे उपकार मी जन्मभर मानीन. पण आता तुमी फिरलात तर मी फिरणार नाय. शहापुरातून एष्टी मिळेल, तिच्यात बसेन. पुढची मिळेल, तिच्यात बसेन."

बाबा म्हणाले, "रस्ता ठावा हाय का तुला?"

"नाय," ती म्हणाली. "तुमाला तरी कुठं हाय?"

मी बाबांना हसताना फार कमी वेळा पाहिलं आहे. ते हसले नाहीत त्या वेळीही, पण त्यांनी डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला. हे ते गाडी काढायच्या आधी करत. आत्याकडं बघून म्हणाले, "आक्का, तुला वैशाखऱ्याला सोडायची सोय करतो." आत्या तोंडातल्या तोंडात काही पुटपुटली. मग म्हणाली, "मला कशाला सोडता? मी काय मरायला भिते?"

मेस्त्री आला, नळी बसली, आणि दुपार कलताना आम्ही शहापूरला पोचलो. गाडी पुन्हा एकदा दाखवून घ्यायची म्हणून बाबा गॅरेजवर थांबले. समोरच पिवळ्या पाटीचं एसटीडीचं दुकान होतं. काकीपाशी त्या बाजारातल्या दुकानाचा नंबर होता, पत्राच्या कोपऱ्यात लिहिलेला. काका म्हणाला, "लावून बघ की, बाबूजी कसे हायत ते कळेल." ती काचेच्या खोलीत गेली. मी बाहेरून बघत होते. तिनं रिसीव्हर कानाला लावला, लाइन जोडलीच जाऊ नये म्हणून दुसऱ्या हाताच्या बोटानं फोनवरचा खटका दाबून धरला आणि तसंच थोडा वेळ उभी राहिली. ओठसुद्धा हलवले तिनं. बाहेर येऊन म्हणाली, "लागत नाय." काकानं मान डोलावली. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही. कळलं असतं तर तिला ते लपवता आलं नसतं, आणि लपवता आलं नसतं तर गाडी तिथूनच फिरली असती. हे मला तेव्हा उमगलं नाही, फार वर्षांनी माझ्यावर तशी पाळी आली तेव्हा उमगलं.

कसारा घाट चढताना ट्रकांच्या रांगेमागं आमची जीप धापा टाकत होती आणि खालची दरी निळी होत चालली होती. ज्या क्षणाची मी इतकी वाट पाहिली तो असा आला की मी डोळे मिटून बसले होते. इगतपुरीला आम्ही डबे सोडले. काकीनं कोरडी भाकरी घेतली. चटणी नको, पोटात बरं नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या पुढं एका ढाब्यावर तिनं बिनमिठाचा भात मागितला, तिसऱ्या दिवशीही. आत्यानं ते दोन दिवस पाहिलं. भातसानगरला पदमसिंगांच्या आईची खबर आली होती तेव्हा त्यांनी तेरा दिवस मीठ तोंडात घातलं नव्हतं, हे तिला माहीत होतं, गावात त्याची चर्चा झाली होती. तिसऱ्या संध्याकाळी ढाब्याच्या खाटेवर आत्यानं काकीचं ताट आपल्याकडं ओढलं, त्यातला अळणी भात आपल्या ताटात अर्धा घेतला आणि खाल्ला. विचारलं मात्र काही नाही. बाबा आणि काका जीपखाली होते. त्यांना यातलं काहीच कळलं नाही.

सहाव्या दिवशी आम्ही सीमा ओलांडली. कागद दाखवले, शिक्के बसले, आणि रस्ता डोंगराला लागला. काकी आता पुढं बसली होती, खिडकीबाहेर बघत, आणि तिला यातलं काही ओळखीचं वाटत नव्हतं हे तिच्या मानेवरून कळत होतं. बाजाराच्या वर दगडी पायवाटेपाशी गाडी थांबली. गाडीचा आवाज ऐकून तिचा भाऊ तिथं येऊन उभा होता. त्यानं डोक्याला लोकरी टोपी घातली होती, कानापर्यंत ओढलेली. तिच्याखाली केस आहेत की मुंडण केलंय हे काही दिसेना. काकीनं दाराचा खटका धरला पण उघडला नाही. काका म्हणाला, "उतर की गो." ती तशीच बसली. तिचे दोन्ही हात मांडीवरच्या फडक्यातल्या तांदळावर होते.

तेवढ्यात भावाच्या मागून, घोंगडी पांघरलेला, एका काठीवर सगळा भार टाकलेला एक म्हातारा पायऱ्या उतरून आला. एकेका पायरीला तो थांबत होता. त्यानं जीपवरची मुरबाडची पाटी वाचली, खिडकीशी येऊन आत डोकावला, आणि त्या डोंगरात, आमच्या शहापूरच्या बोलीत म्हणाला, "किती वाट बघायची गो तुजी?"

काकीनं त्यांचं मनगट खिडकीतूनच धरलं आणि सोडीना. ते आणखी एकोणीस दिवस जगले, आणि सगळे दिवस ती त्यांच्यापाशी होती.